मोरीमागची केळ

टाकीच्या तळाशी गाळ साचतो ना, तसे किस्से साचतात. आपण रोज वरवरचं पाणी बघत असतो, खाली काय जमलंय ते कळत नाही. मग एक दिवस कोणीतरी सहज विचारतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. उघडला की काही तो लवकर बंद होत नाही!

परवा दोह्यात, अबू हमूरला मुलाच्या घरी हेच झालं. नातीनं विचारलं, "दादा, कतारला तुमचा फर्स्ट जॉब काय होता?" मी म्हटलं, "सांडपाणी साफ करायचा." ती म्हणाली, "ईऽऽ! सो डर्टी!" आणि सोफ्यावर माझ्यापासून हातभर लांब सरकली. म्हटलं, सरक बाई. पण ऐक तरी.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. पश्चिम किनाऱ्याला तेल कंपनीचा एक छोटा कॅम्प होता. दोह्याहून ट्रकनं निघालं की अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून तिथं पोचायचं. कॅम्पाच्या खालच्या अंगाला मासेमारांचं एक गाव, गावापुढं उथळ खाडी. कॅम्पातल्या मोऱ्यांचं, संडासांचं आणि मेसचं पाणी साफ करायला एक छोटा प्लांट बांधला होता आणि तो चालवायला आम्ही चौघे. इस्माईलचाचा ऑपरेटर, रत्नागिरीच्या खाडीकाठचे. यूसुफ फिटर, श्रीवर्धनचा. दत्ताराम पंपवाला, राजापूरचा. आणि मी क्लार्क. चौघांत मॅट्रिक झालेला मी एकटाच, म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे.

*

चौघांनीही घरी एकच थाप मारली होती. "पाण्याच्या खात्यात आहे." कसलं पाणी ते कोणी लिहिलं नाही.

इस्माईलचाचांना लिहिता येत नव्हतं. पत्रं मी लिहायचो. "येथे पाण्याच्या खात्याची सर्व जबाबदारी माझ्यावर आहे," असं त्यांनी मला छाती काढून सांगितलं आणि मी तसंच लिहिलं. चाचींना लिहितावाचता येत होतं. त्यांचं उत्तर महिन्याभरानं आलं.

"तिकडून आलेली माणसे सांगतात, त्या मुलखात नदी नाही, ओढा नाही, पाऊसही नाही. मग तुम्ही खाते कसले सांभाळता?"

चाचांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "मास्तर, बायको वाचायला शिकली की असं होतंय बघ!"

*

आता प्लांटमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पहिल्या टाकीत गाळ खाली बसायचा. वरचं पाणी एका गोल हौदाकडे जायचं. हौद दगडांनी भरलेला, आणि त्यावर एक लोखंडी हात गोल गोल फिरत पाणी शिंपडायचा. पाणी दगडांमधून झिरपत खाली यायचं, शेवटच्या टाकीत निवळायचं आणि बाहेर पडायचं. यंत्र म्हणावं असं एवढंच.

आमचा इंजिनियर इंग्रज होता. उन्हानं त्याचं तोंड कायम लाल, म्हणून तो लालसाहेब. एकदा निरोप आला, की लालसाहेब पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार. आता आमच्या घरी पाहुणा यायचा म्हटलं की अंगण सारवायचं, भांडी चिंचेनं घासायची, कसं लख्ख दिसलं पाहिजे! इस्माईलचाचांनी हौदात डोकावून बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. सगळ्या दगडांवर बुळबुळीत, हिरवट-काळा थर.

"अरे, हे साहेबाला दाखवणार काय? लाज नाय वाटत?"

तीन दिवस आम्ही चौघे त्या हौदात बसून होतो. ब्रश, सोडा, वाळू. एकेक दगड उचलायचा, घासायचा, धुवायचा, परत लावायचा. दत्तारामाच्या बोटांची सालं निघाली. पण दगड असे पांढरेशुभ्र झाले की उन्हात डोळे दिपत होते. वर चाचांनी हौदाच्या कडेला चुन्याचा पट्टाही ओढला.

लालसाहेब आला. हौदापाशी उभा राहिला. आम्ही रांगेत उभे, शाबासकीची वाट बघत. साहेबानं हळूच टोपी काढून छातीशी धरली, मयताला आलेला माणूस धरतो तशी, आणि विचारलं, "यांना कोणी मारलं?"

मग त्यानं समजावलं. तो बुळबुळीत थरच जिवंत होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहायचे आणि तेच घाण खायचे. प्लांट म्हणजे तो थर, बाकी सगळं नुसतं बांधकाम. आम्ही साबणसोडा लावून सगळ्या कामगारांची कत्तल केली होती!

दुसऱ्या दिवसापासून असा वास सुटला की मेसमध्ये लोक नाकाला रुमाल बांधून जेवायला बसले. लालसाहेब वैतागून म्हणाला, "दीड वर्षानं कंपनीचा मोठा साहेब येणार आहे. तोवर पाणी निवळशंख झालं नाही, तर हा प्लांट बंद. पाइप सरळ खाडीत सोडायचा आणि तुम्ही चौघे पुढच्या बोटीनं घरी."

त्या दिवशी कोणीच जेवलं नाही. नोकरी जाईल याची भीती तर होतीच. पण चाचांना दुसरंच लागलं होतं. ते खाडीकाठचे. "पाइप खाडीत सोडला की मासळी संपली," ते म्हणाले. "खाली त्या गावानं खायचं काय?"

मग चाचा रोज सकाळी हौदात बोट घालून दगड चाचपायचे, आंबोळीचं पीठ आलंय का बघतात तसे. सहा आठवड्यांनी एका सकाळी ओरडले, "मास्तर, आलं! बुळबुळीत लागतंय!" आम्ही चहात डबल साखर घातली. दत्तारामानं एक पाटी रंगवून हौदाशी ठोकली, "दगड धुऊ नयेत." पाटी मराठीत होती. पण धुणारे तरी दुसरे कोण होते!

*

पुढचा शत्रू निघाला मेसचा खानसामा. हैदराबादचा. माणूस मोठा झोकात असायचा, आपल्या बिर्याणीला जगात तोड नाही असं त्याचं मत. ईदच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या टाकीवर वनस्पती तुपाचा वीतभर जाड थर! पाइप तुंबले, दगडांवर तुपाची साय चढली. उरलेल्या तुपाच्या देगच्याच्या देगच्या त्यानं मोरीत ओतल्या होत्या.

यूसुफ पाना घेऊनच निघाला होता. चाचांनी त्याला थांबवलं आणि खानसाम्याला हाताला धरून प्लांटवर आणलं.

"उस्ताद," चाचा अदबीनं म्हणाले, "इन पत्थरों में जो जीव हैं, वो पूरे कैंप का मैला खाते हैं. आज तक किसी चीज़ को ना नहीं बोले. सिर्फ आपकी बिर्याणी नहीं खाते."

खानसामा टाकीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून मेसमध्ये तूप गाळून डब्यात भरायला लागलं, आणि बिर्याणीही बरीच सुधारली.

*

पाणी हळूहळू निवळायला लागलं. पण शेवटच्या टाकीतून बाहेर पडून ते नुसतं वाळूत जिरायचं. चाचांना ते बघवेना.

"मास्तर, आपल्या घरात मोरीमागं काय असतंय?"

"केळ," मी म्हटलं. "अळू. कर्दळ."

"कशाला असतंय?"

खरं सांगायचं तर मी कधी विचारच केला नव्हता. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं केळ असतेच, एवढंच माहीत. चाचा म्हणाले, "मोरीचं पाणी तीच पिते. म्हणून परसात चिखल नाय, डास नाय. हितं पाणी हाय आणि केळ नाय. घर अर्धंच बांधलंय की रे!"

यूसुफ रजेवर निघाला होता. त्याला बजावलं. येताना त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि गोणपाटात गुंडाळलेले केळीचे मुनवे, अळूचे कांदे आणि त्यांना लागलेली कोकणची लाल माती जास्त. बोटीतून उतरल्यावर कस्टमच्या माणसानं ट्रंक उघडली. मातीत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "सगळी दुनिया इथलं तेल न्यायला येते. आणि तू माती घेऊन आलास?"

लालसाहेबानं पानं फुटलेली बघितली तेव्हा विचारलं, की ही पद्धत कुठल्या कॉलेजात शिकवतात? चाचांचं उत्तर मी इंग्रजीत सांगितलं, "साहेब, त्यांच्या आईनं शिकवली." लालसाहेब हसला नाही. त्यानं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं, "आईची पद्धत."

*

आता बू राशिद. खालच्या गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस, एकेकाळी समुद्रात बुड्या मारून मोती काढणारा. दम कोंडून कोंडून त्याचा आवाज घोगरा झाला होता. रोज दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर काठी टेकत यायचा, नाकाला डोक्यावरच्या गुत्र्याचं, म्हणजे रुमालाचं टोक लावायचा आणि त्या फिरत्या हाताकडे बघत बसायचा. दगड धुतल्यानंतर जो वास सुटला होता, तो सगळा वाऱ्यानं त्याच्याच घरात गेला होता. तेव्हाच त्यानं चारचौघांत शपथ घेतली होती, "या पाण्यातली एकही वस्तू माझा उंबरा ओलांडणार नाही!"

शपथ त्यानं घेतली होती, त्याच्या शेळीनं नाही.

एक दिवस शेळी आली आणि अळूची चार पानं खाऊन गेली. कच्चं अळू! थोड्या वेळानं बू राशिद शेळीला ओढत हजर. तिच्या तोंडाला फेस, ती बिचारी ओरडतेय, मान झटकतेय. बू राशिद काठी उगारून, "विष! तुमच्या पाण्यानं माझी शेळी मारली!"

गावानं तक्रार केली असती तर मोठ्या साहेबाची वाटच बघावी लागली नसती, तिथंच खलास. पण चाचा शांतपणे खोलीत गेले आणि घरून आलेली आमसुलं घेऊन आले. मला म्हणाले, "मास्तर, शेळी धर." मॅट्रिक झालेला मी, शेळीचा जबडा फाकवून बसलो. चाचांनी आमसूल भिजवून तिच्या जिभेला, टाळ्याला चोळलं. घटकाभरानं शेळी गप्प झाली आणि चाचांच्या हातातलं उरलेलं आमसूलही चघळायला लागली.

बू राशिद चकित. "तुम्ही हे पान ओळखता?"

"ओळखतो म्हणजे? आम्ही खातो!" चाचा त्यांच्या मोडक्या अरबीत म्हणाले. "घसा खाजतो, म्हणून हे आंबट घालतो. मग नाही खाजत."

बू राशिदनं शेळीकडे बघितलं, अळूकडे बघितलं, मग चाचांकडे बघितलं. आवाजात खरीखुरी कणव होती.

"तुमच्या देशात खायला दुसरं काहीच नाही का?"

त्या दिवसापासून त्याचं नाकाला कापड लावणं सुटलं. चाचांनी मग त्याला हेही सांगून टाकलं, की प्लांट बंद पडला तर पाइप तुमच्या खाडीत येणार. तो समुद्राकडे बघत बसला आणि मग उठून गेला.

*

पाणी किती निवळलं ते बघायला लालसाहेबानं एक काचेची उंच बरणी दिली होती. तिच्यात शेवटच्या टाकीतलं पाणी भरायचं, मागं छापील कागद धरायचा आणि वाचता येतंय का ते बघायचं. कागद इंग्रजी. चाचांना त्याचा काय उपयोग? ते म्हणाले, अक्षर आपल्या ओळखीचं पाहिजे. त्यांनी बरणीमागं चाचींचं पत्र धरायला सुरुवात केली!

वाचता येत नव्हतं, पण ते अक्षर त्यांना पाठ होतं. पाणी गढूळ असलं की म्हणायचे, "आज रुसलीय." बरं असलं की, "आज दिसतेय वाईच." नोंदवहीत मी इंग्रजीत लिहायचो, "क्लॅरिटी पुअर," "क्लॅरिटी फेअर." साहेबाला काय माहीत की ती कोणाची क्लॅरिटी!

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी पाणी इतकं नितळ आलं की बरणीत काही आहे असं वाटेचना. नवीनच पत्र आलं होतं, अजून वाचलं नव्हतं. चाचांनी तेच मागं धरलं आणि म्हणाले, "मास्तर, वाच." मी बरणीतून वाचायला लागलो. खुशाली झाली, कौलं शाकारून झाली, आणि शेवटची ओळ आली.

"तुम्ही तिथे नक्की काय काम करता, ते एकदा खरे लिहा."

चाचा खाली बसले. मग म्हणाले, "लिही. जे हाय ते लिही." मी लिहिलं. लोकांच्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी साफ करतो, असं स्पष्ट लिहिलं. त्यानंतरचा महिना चाचांनी कसा काढला ते मी बघितलं आहे. डाकेचा ट्रक आला की हा माणूस उगाच पंपामागं जायचा.

उत्तर आलं. दोनच ओळी.

"यात लपवायचे काय होते? आपल्या मोरीमागची केळ इथे मी सांभाळते, तिथली तुम्ही सांभाळा."

चाचा रडले. आम्हीही काही हसत नव्हतो. त्या आठवड्यात बाकीच्या तिघांनीही घरी खरं खरं लिहून टाकलं.

*

आणि केळीला घड लागला!

मुठेळी जातीचा, आखूड, जाड केळ्यांचा. त्या किनाऱ्यावर तोवर कोणी केळ बघितली होती की नाही देव जाणे. कॅम्पातली माणसं सुट्टीच्या दिवशी बघायला यायची. चाचांनी घडाला गोणपाटाचा अंगरखा शिवला. त्यांचा बेत ठरला होता. मोठा साहेब आठवड्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी घड कापायचा, गवतात अढी घालायची, आणि साहेब आला की पिवळीधमक केळी समोर ठेवायची. बरणीतलं पाणी बघून साहेबाला पटेल न पटेल, केळं खाल्ल्यावर नक्की पटेल.

बू राशिद बाजूला बसला होता. त्यानं विचारलं, "हिरवं आहे. पिवळं कसं होणार?"

चाचांनी त्याला अढी समजावून सांगितली. गवतात दाबायचं, वर पोतं टाकायचं, पाच-सहा दिवस उघडायचं नाही.

यूसुफ म्हणाला, "पण कापणार कशानं? तुमच्या त्या कोयतीनं? तिनं लोणी कापलं तरी मिळवली!" चाचांची ती कोयती पंपघराच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि धार लावायची म्हणून वर्षभर तशीच राहिली होती.

सकाळी गेलो तर घड गायब.

दांडा सरळ कापलेला नव्हता, सात-आठ घाव घालून कसाबसा तोडला होता. कोयती खिळ्यावर आपल्या जागी. चाचांनी तुटलेल्या दांड्यावरून हात फिरवला. कोणाला शिवी दिली नाही. "आपल्याच माणसानं खाल्ली असतील तर खाव देत," एवढंच म्हणाले. पण त्यांचं अवसान गेलं ते गेलंच. त्या आठवड्यात बू राशिदही एकदा फिरकला नाही.

मोठा साहेब आला. पांढरे कपडे, घाई फार. बरणीतून वाचून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाला. मग लालसाहेबाला म्हणाला, "पाणी ठीक आहे. पण एवढ्याशा कॅम्पासाठी हा खटाटोप कशाला? समुद्र समोर आहे. पाइप कुठून न्यायचा ती जागा दाखव."

दीड वर्षाची मेहनत त्या एका वाक्यात गेली. लालसाहेब पुढं झाला. आम्ही मागोमाग चालू लागलो, आपल्याच मयताला निघाल्यासारखे.

किनाऱ्याची वाट बू राशिदच्या दारावरून जायची. तो बाहेरच उभा होता. दारावरून जाणाऱ्या पाहुण्यानं कहवा न घेता पुढं जायचं नाही, हा तिथला रिवाज, साहेब असो की कोणी असो. फक्त एक गोष्ट मला वेगळी वाटली. एरवी तो पाहुण्याला आत मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत न्यायचा. त्या दिवशी चटई बाहेर अंगणात अंथरलेली होती, उंबऱ्यापासून वीतभर अलीकडे.

कहवा झाला. खजूर झाले. मग आतून नव्हे, गोठ्याकडून एक मोठं तबक आलं. वरचं फडकं बू राशिदनं स्वतः काढलं.

केळी. आखूड, जाड, पिवळीधमक.

शेजारी बसलेल्या चाचांनी माझं मनगट असं आवळलं की बोटांचे वळ उठले.

मोठ्या साहेबानं एक खाल्लं. थांबला. दुसरं खाल्लं. "ही कुठून येतात? मुंबईहून?"

मी मराठीत चाचांना विचारलं, चाचांनी अरबीत बू राशिदला. त्यानं काठीनं प्लांटकडे दाखवलं. चाचा माझ्याकडे वळले. "म्हणतोय... आमच्या बागेतली हायत." मी इंग्रजीत सांगितलं.

मोठा साहेब लालसाहेबाकडे वळला. लालसाहेबानं खिशातली वही काढली आणि गंभीरपणे म्हणाला, "आईची पद्धत, सर."

बू राशिद पुढं बोलला. "साहेबाला विचारा, पाइप खाडीत आला की मासळी जाणार. प्लांट बंद झाला की ही बाग जाणार. मग पुढच्या वेळी साहेब आला, की त्याच्यासमोर मी काय ठेवू?"

हे चाचांकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून साहेबाकडे पोचेपर्यंत साहेब तिसरं केळं सोलत होता. चौथं त्यानं रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं, मेमसाहेबांसाठी. मग उठला, बू राशिदशी हात मिळवला आणि किनाऱ्याकडे न जाता जीपकडे गेला.

जीपची धूळ खाली बसली. महिन्याभरानं कागद यायचा होता, पण काय येणार ते आम्हाला कळून चुकलं होतं. दत्ताराम आणि यूसुफ एकमेकांच्या गळ्यात पडले होते. इस्माईलचाचा डोळे पुसत बू राशिदसमोर जाऊन उभे राहिले.

"शुक्रन, बू राशिद. शुक्रन. मी..."

बू राशिदनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"ते राहू दे," तो म्हणाला. "आधी त्या कोयतीला धार लाव."